नंबर सत्तावन्नचा शब्द

"बुधवारी येतील," भावासाठी स्थळ आणणारे अंबादास तात्या म्हणाले. "सांगून येणार नाहीत, पण येतील. पोरीचा मामा आहे. गावाची चौकशी करायची तर सकाळी डेअरीवर उभं राहावं, हे त्याला कुणी शिकवायला नको. तेवढं लक्षात ठेव."

मी दुधाचा नमुना मशीनला लावून उभा होतो. मामा राहिला बाजूला, माझ्या डोक्यात नुसता बुधवार घुसला. त्या दिवशी रविवार होता. सोमवारी पंचावन्न, मंगळवारी छप्पन्न, बुधवारी सत्तावन्न. सत्तावन्न म्हणजे आमच्या घरचं खातं. आणि ते होतं भागवतच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या नावावर.

तात्या गेल्यावर मी टेबलाचा ड्रॉवर उघडला, पुस्तक काढलं आणि बोट ठेवून शब्द मोजत गेलो. सत्तावन्नावा शब्द निघाला ग्लटन. ग्लटन म्हणजे खादाड.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा ग्लटनच.

हे काय प्रकरण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला. सोनटेकडीच्या डेअरीवर दुधाची फॅट काढायचं काम करत होतो आणि मनातून इंग्रजीवर खार खाऊन होतो. एकदा आष्टीच्या एस्टी स्टँडवर एक शब्दांचं पुस्तक मिळालं. कव्हर गेलेलं. एका ओळीत इंग्रजी शब्द, पुढं मराठी अर्थ, खाली वाक्यात उपयोग. सगळे शब्द माणसाच्या स्वभावाचे किंवा रूपाचे, एबीसीडीनं लावलेले. म्हणलं रोज एक शब्द पाठ करायचा, आणि एकट्यानं कशाला, डेअरीबाहेर फलक आहे, त्यावर लिहायचा. गाव पण शिकेल. चेअरमन म्हणाले लिही, खडू आपला आण.

अडचण झाली ती वाक्यात उपयोगाची. पुस्तकात सगळी वाक्यं जॉनची. जॉन आळशी आहे. जॉन शूर आहे. जॉन लाजाळू आहे. एकटा जॉन एवढा सगळा असेल कसा? आणि जॉनला आमच्या गावात ओळखतं कोण? ज्याला ओळखत नाही त्याचं वाक्य लक्षात राहत नाही, हे मला बारावीतच कळलं होतं. म्हणून मी गावातली नावं घालायला लागलो.

तिसऱ्याच दिवशी बबन काठी घेऊन आला. मी लिहिलं होतं, बबन इज ॲरोगंट, म्हणजे बबन उद्धट आहे. काठी टेबलावर आपटून म्हणतो, "मी उद्धट आहे हे तू ठरवणार व्हय रं?"

त्या दिवशी मी नियम काढला. नावं मी निवडायची नाहीत. रजिस्टरात खात्यांचे नंबर आहेत, पुस्तकात शब्दांचे. पहिल्या नंबरला पहिला शब्द, दुसऱ्याला दुसरा. त्यात मी कुणाच्या बाजूचा नाही की कुणाच्या विरोधात नाही. एकपासून परत सुरुवात केली आणि फलकावर वरती कायमचं लिहून टाकलं, "शब्द क्रमाने येतात. वाद घालू नये."

आणि खरंच कुणी वाद घातला नाही. नऊ नंबरला आला बॉल्ड, म्हणजे टकला. नऊ नंबर गणपतनाना, डोक्यावर जावळीच्या रानासारखे दाट केस. माणूस हसून गेला, पण दुसऱ्या दिवसापासून डोक्याला एरंडेल लावायला लागला. एकविसाव्या नंबरला आमचा पैलवान नवनाथ, त्याला आला कॉवर्ड. भित्रा. तो फलकासमोर उभा राहून बराच वेळ वाचत होता, मग मला हळूच विचारतो, "तुला कुणी सांगितलं?" तीस नंबरला डिव्होटेड, एकनिष्ठ. तीस नंबरवाल्या दादांचं एक घर गावात आणि दुसरं कडा गावात. त्यांच्या बायकोनं तो अर्थ वाचला आणि इतकी हसली की हातातली किटली कलंडली. चव्वेचाळीसला फेमस आला, तर तो गडी सरपंचाकडं गेला आणि म्हणाला, मग माझा सत्कार कधी.

हळूहळू लोकांना वाटायला लागलं की हे नुसतं इंग्रजी नाही, यात काहीतरी आहे. सकाळी दूध घालायला आल्यावर फॅट किती लागली याच्याआधी फलक बघायचे. ज्यांचा नंबर जवळ आला ते आठ दिवस आधी येऊन कानाशी लागायचे. "गहिनी, माझं काय हाय रं? नुसतं चांगलं का वाईट तेवढं सांग." मी सांगून टाकायचो. बदलायचो मात्र नाही. एकानं अर्धा किलो खवा आणून ठेवला होता, तोही परत केला. क्रम म्हणजे क्रम. त्या फलकामुळं मला गावात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि ते कशामुळं हे मला बरोबर माहीत होतं.

आता भागवतचं.

भाऊ तेव्हा तेहतीसचा. चार एकर बागायत, तीन गाया, दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही. एकच गोष्ट, तो जेवायचा. म्हणजे सगळेच जेवतात, पण तो जेवायला बसला की लोक त्याच्याकडं बघत आपलं विसरायचे. पहिलं स्थळ याच्यातच मोडलं. बघायच्या कार्यक्रमात पोहे आले. भाऊनं आपली प्लेट संपवली, माझी संपवली, आणि पोरीच्या वडिलांनी आग्रह म्हणून "अजून घ्या" म्हणल्यावर दोनदा घेतले. नंतर त्यांनी तात्यांकडं निरोप पाठवला, "आम्हाला जावई पाहिजे, पंगत नको." दुसऱ्या स्थळाला मी सांगून ठेवलं होतं की खायचं नाही. त्यानं नाही खाल्लं, पण ताटाकडं असं बघत राहिला की पोरीची आजी रडायला लागली. तिसरं स्थळ गावातल्याच कुणीतरी फोन करून सांगितल्यावर आलंच नाही.

हे चौथं. पोरगी बारावी झालेली, रोहिणी नाव, आई-वडील साधे. सगळा कारभार मामाचा. मामा हो म्हणाला तर जमलं. आईनं तर देवाजवळ नारळसुद्धा ठेवून दिला होता. आणि हा मामा बुधवारी सकाळी येऊन माझ्याच अक्षरात वाचणार होता की भागवत खादाड आहे. इंग्रजीतून आणि मराठीतून.

फलक कोरा ठेवावा असं मनात आलं. पण कोरा ठेवला की लोक विचारणार आज सत्तावन्नचं काय झालं, आणि विचारता विचारता ग्लटन बाहेर येणार. आजारी पडावं म्हणलं, तर फॅट कोण काढणार. मग माझी नजर पुढच्या शब्दावर गेली. अठ्ठावन्न, ग्रेसफुल. ग्रेसफुल म्हणजे डौलदार.

अठ्ठावन्न नंबर केराआजीचा. एक म्हैस, वय सत्तरच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणलं एका दिवसाचा प्रश्न आहे. बुधवारी ग्रेसफुल भाऊला देऊ, गुरुवारी ग्लटन आजीला. आजीला वाचता येत नाही. आणि आजीला खादाड म्हणलं तरी कोण विश्वास ठेवणार, ती दिवसाला दीड भाकरी खाते.

एक गोष्ट मी विसरलो. म्हणजे विसरलो नव्हतो, बाजूला सारली. दहा दिवसांपूर्वी आजीनं मला विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, "आजी, तुझा चांगलाय. डौलदार."

"म्हंजी चालायला?"

"चालायला, बसायला, सगळ्याला."

तिनं तो शब्द ऐकला आणि काठी टेकत अशी गेली, जसं काही पदरात बांधून नेतीय.

बुधवारी साडेपाचलाच मी फलक लिहिला. आजचा शब्द ग्रेसफुल. अर्थ, डौलदार. वाक्यात उपयोग, भागवत इज ग्रेसफुल. लिहून दोन पावलं मागं येऊन बघितलं. इतकं खोटं वाक्य मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. भाऊ चालताना बैलगाडी वळल्यासारखा वळतो.

साडेसहाला मामा आला. ओळखायला काही लागलं नाही. मोटरसायकल लांब लावली, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि येऊन बबनला विचारतो, "इथं कुणाची म्हैस विकाऊ आहे का?"

बबन म्हणाला, "कशी पाहिजे?"

"स्वभावानं गरीब असावी. मारकी नको." मग जरा थांबून, "हे भागवत म्हणून कोणी आहेत का? त्यांच्याकडं चौकशी करा म्हणले."

"त्याच्याकडं गाया हायत. म्हैस नाही."

"बरं, गाया. माणूस कसा आहे?"

बबननं फलकाकडं हात केला. "तिथं लिहिलंय बघा आज. आमच्याकडं ज्याचं त्याचं लिहून येतं."

मामा फलकासमोर गेला. वाचलं. वरचं "शब्द क्रमाने येतात" पण वाचलं. आणि मान हलवली, बरी हलवली. मी मशीनमागं उभा राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात काठीचा आवाज आला.

केराआजी रोज दूध स्वतः आणायची, पण त्या दिवशी दुधाची किटली सुनेच्या हातात होती. आजी नुसती मागून येत होती, नवं लुगडं नेसून. सून मंदा सातवी शिकलेली, तोंडानं फटकळ. आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती.

"उद्या माझा नंबर हाय. पर म्हणलं आजच एकदा जागा बघून घ्यावी, कुठं लिहितो ते. उद्या ह्या मंदीनं मोठ्यानं वाचायचंय. माझी चाल बदकावानी म्हणती नव्हं ही. वाच म्हणावं आता."

"आत्या," मंदा फलकाकडं बघत म्हणाली, "तुमचा शब्द तर आजच आलाय."

"आज?"

"आज. पण भागवतभाऊजींच्या नावावर."

आजी थांबली. डेअरीवर पंधरा-वीस माणसं असतील, ती पण थांबली.

"गहिन्या," आजी म्हणाली, "डौलदार माझा होता ना रं?"

"आजी, ते काय झालं, पुस्तकाचं एक पान चिकटलेलं होतं…"

"मग मला उद्या काय हाय?"

मंदा म्हणाली, "सांगा की. उद्याचं पण पान चिकटलंय का?"

याच वेळेला भाऊ दोन्ही हातात दोन कॅन घेऊन आला. गर्दी बघून त्याला वाटलं कुणाचं दूध नासलं. कॅन खाली ठेवले आणि फलक वाचला. मग माझ्याकडं वळला, तसाच, बैलगाडीसारखा.

"डौलदार? मी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"गहिनी, माझा कोणता होता?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. मामाकडं. एकदा, दोनदा.

"डोळ्यात काय गेलं?" भाऊ म्हणाला. "शब्द सांग ना."

"ग्लटन," मी म्हणालो. इंग्रजीतून कुणाला कळणार नाही असं वाटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे असंच आपलं."

"पुस्तकात असंच आपलं लिहिलंय?"

"खादाड," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. बबन पुटपुटला, "मला ॲरोगंट केलं तेव्हा भावकी नव्हती वाटतं." पैलवान नवनाथ मान खाली घालून म्हणाला, "मला पण पान चिकटलंय म्हणला असता तर चाललं असतं." गणपतनानांनी नुसता डोक्यावरून हात फिरवला, एरंडेलाचा हात पंचाला पुसला आणि माझ्याकडं बघितलं. छप्पन्न दिवस त्या माणसांनी काय काय सोसलं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. सोसलं ते एवढ्यासाठी, की मी कुणाचं ऐकत नाही.

भाऊनं मशीनवरचं ओलं फडकं उचललं, फलकाजवळ गेला आणि आपल्या नावासकट सगळं पुसून टाकलं. खडू माझ्या हातात दिला.

"लिही."

"भाऊ, आज नको. तुला माहीत नाही, आज…"

"माझा नंबर आज हाय का नाही?"

"हाय."

"मग लिही. आजीचा तिला उद्या दे. मी खातो ते काय गावाला माहीत नाही? लपवायचं म्हणलं तरी मी मावतो का कुठं?"

मी लिहिलं. ग्लटन. खादाड. भागवत इज अ ग्लटन. शेवटच्या अक्षराला खडू मोडला.

मामा पुढं आला. घसा साफ केला.

"मी खरंतर म्हशीसाठी आलेलो नाही."

"माहितीय," बबन म्हणाला. "इस्त्रीचा शर्ट घालून म्हैस बघायला कोण येतं? ती शेपूट मारती."

मामानं तिकडं लक्ष दिलं नाही. माझ्याकडं बघून शांतपणे बोलला. "हे बघा. नवरदेव खाणारा असला तर आमची ना नाही. खाणारा माणूस दिसतो. आपण दोन पोती जास्त पेरू. पण दीर लबाड असला तर तो दिसत नाही. आणि आमच्या पोरीला राहायचं त्याच घरात आहे."

भाऊचं तोंड उतरलं. स्वतःला खादाड लिहून घेताना नव्हतं उतरलं, तेवढं आता उतरलं. मला वाटलं जमीन फाटावी, आणि फाटली तर आधी त्या पुस्तकाला आत टाकावं. चौथं स्थळ भावाच्या पोटानं नाही, माझ्या हुशारीनं चाललं होतं.

मामा केराआजीकडं वळला. "आजी, तुमचाच शब्द यांनी उचलला. तुम्हीच सांगा. हे असेच आहेत का?"

आजीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. एवढा वेळ लावला की मी मनात तिचे सगळे उपकार आणि माझे सगळे अपराध मोजून घेतले. ती नाही म्हणाली असती तर तिचं काहीच चुकलं नसतं.

"चार वरसं ह्यो माझ्या दुधाची फॅट काढतोय," आजी म्हणाली. "एकदा मी पाणी घातलं होतं. जरासंच. त्यानं तेवढं पण काढून दाखवलं. मला, म्हातारीला. त्या दिवशी लई शिव्या दिल्या मी ह्याला." ती काठीवर रेलली. "लबाडी त्यानं आज पैल्यांदाच केली. आन ती पण धड जमली नाही त्याला. ह्याला लबाड म्हणला तर खऱ्या लबाडांनी काय करावं?"

पहिला हसला तो पैलवान. मग बबन. मग मंदा सुद्धा, पदर तोंडाला लावून. मामा हसला नाही, पण खिशातलं पेन काढून उगाच परत ठेवलं.

"चहा कुठं मिळेल?" त्यानं विचारलं.

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडं चौकशीला आलेला माणूस मुलाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. स्टँडवर पितो आणि निघतो. म्हणून अंबादास तात्या, जे इतका वेळ पिंपाच्या मागं लपून उभे होते, ते एकदम पुढं आले आणि म्हणाले, "घरी. घरीच मिळेल."

घरी आईनं चहा केला. भाऊ ओट्याच्या कोपऱ्यात बसला आणि बिस्किटांकडं बघायचं नाही म्हणून छताकडं बघत राहिला. मामानं शेतीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, कप रिकामा केला, चपला घातल्या. मी मोटरसायकलपर्यंत सोडायला गेलो.

किक मारायच्या आधी मामा म्हणाला, "उद्या त्या आजीबाईंचं. डौलदार."

"हो."

"परवा कोणता आहे?"

"ग्रीडी. म्हणजे हावरट."

"नंबर कुणाचा?"

एकोणसाठ. मला बघायची गरज नव्हती. "आमच्या चेअरमनचा."

मामानं हेल्मेट डोक्यात घातलं, काच वर केली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "लिहिणार का?"

त्या डेअरीवर मला लावलं होतं ते चेअरमननी. फलक दिला होता त्यांनी. त्यांच्या घरचं लग्न असो की बारसं, डेअरीतलं पनीर परस्पर जातं हे सगळा गाव जाणून होता आणि कुणी बोलत नव्हतं.

"लिहिणार," मी म्हणालो.

"मग रविवारी पोरगी बघायला या," मामा म्हणाला आणि गेला.

गुरुवारी केराआजीचा शब्द मी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिला. मंदानं तो मोठ्यानं वाचला, आजीनं तिला दोनदा परत वाचायला लावला, आणि फलकाखालून या टोकाकडून त्या टोकाकडं चालून दाखवलं. शुक्रवारी चेअरमनचा लिहिला. ते आले, वाचलं, वरचं "शब्द क्रमाने येतात" वाचलं. नऊ वाजता फलक रंगवायला म्हणून काढून नेला. तो अजून रंगवून आलेला नाही. मला मात्र कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर शब्द खरा होता असं झालं असतं.

रविवारी आम्ही गेलो. पाटावर भाऊ, शेजारी मी. रस्ताभर मी त्याला बजावलं होतं, दोन चमचे, फक्त दोन चमचे. रोहिणी पोहे घेऊन आली. मला, तात्यांना, आईला साध्या बशा. भाऊच्या पुढं तिनं ठेवली ती परात होती.

भाऊ परातीकडं बघेना की तिच्याकडं बघेना. दोन चमचे खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"घ्या की," ती म्हणाली. "मामानं आम्हाला फलकावरचं सगळं सांगितलंय."